दोष गुळाचा नव्हता

आबा, काल तुमच्या नातीला बघायला पाहुणे आले होते. ते यायच्या आधी सकाळी देवापुढं निरंजन लावताना शेजारच्या तुमच्या फोटोकडं बघितलं आणि ठरवलं, आज काही लपवायचं नाही.

काकांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "साखरेचं काय बोलू नगंस. लगीन झाल्यावर बघू की." तुमच्या वेळीही साखरेचा आजार म्हणजे लाजेची गोष्ट होती. तुम्ही गुऱ्हाळात गुळव्या. उकळता पाक गार पाण्यात टाकून गोळी वळते का ते बघणारे. अंगानं काडीसारखे. तरी मधुमेह निघाला तेव्हा गाव म्हणालं, "जन्मभर गूळ चाटला, आता भोगा." कुणी म्हणालं, देवाचं काहीतरी राहिलंय. पायाला जखम असताना तुम्ही अनवाणी जोतिबाचा डोंगर चढलात. मी अजूनही दर रविवारी देवाला जातो, आबा, म्हणूनच ठासून सांगतो, ती शिक्षा नव्हती.

माझी साखर चाळिशीच्या आत निघाली, पोरीची विसाव्या वर्षी. तीही तुमच्यासारखीच हडकुळी. डॉक्टरीणबाईंनी तीन पिढ्यांची चौकशी केली, रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं, आणि मग कागदावर जठरामागचं स्वादुपिंड काढून दाखवलं. त्यातल्या ज्या पेशी इन्सुलिन बनवतात, त्यांचं काम चालवणारं एक जनुक आम्हा दोघांत जन्मापासूनच बदललेलं आहे. जेवण झालं तरी त्या पेशी पुरेसं इन्सुलिन सोडत नाहीत, आणि वर्षागणिक थकत जातात.

"म्हणजे गुळानं न्हाय?" मी विचारलं.

"गुळानं साखर वाढते. पण तुमच्या घरात हा आजार गुळानं आणलेला नाही. वडिलांकडून तुमच्यात उतरला असणार."

नेमका आजार कळल्यावर पोरीची इन्सुलिनची सुई बंद झाली. आता एका लहान गोळीवर भागतं.

काल चहा आला तेव्हा ती म्हणाली, "माझा बिनसाखरेचा." मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं, पुढं लेकरात उतरू शकतं हेसुद्धा. काका खाकरत राहिले. मुलाचे वडील "कळवतो" म्हणत उठले.

"कळवा, न्हायतर ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "माझ्या पोरीनं काय चोरी केलेली न्हाय. आणि माझ्या बापानंबी."

ते गेल्यावर पोरगी बशी उचलत म्हणाली, "पप्पा, पोहे तरी संपवून जायचं की त्यांनी."

हे पत्र मी देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवणार आहे. पण एक राहिलंच. आठवतंय? माझ्या लग्नासाठी आपण मुलगी बघायला गेलोय. तुमच्यापुढं गोड चहा येतो. तुम्ही कप हातात धरून माझ्याकडं बघता. "गप प्या की आबा, त्यांना कळंल," असं तुमच्या कानात पुटपुटणारा मीच होतो.

तुम्ही दोन कप प्यायलात.