राहणार

यिशुन, सिंगापूर
सोमवार, १४ मे २००७

नाही शैलूदादा, तो "नुसता पत्ता" नाहीये. आणि काल तू फोन आपटलास म्हणून तुझं खरं ठरत नाही.

ति. दादास सा. न. हे आधी लिहायला हवं होतं. आता लिहिलं. आईला नमस्कार, संजीवनीवहिनीला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इथे सगळं ठीक. उकडतंय, पण इथे बारा महिने उकडतं, त्यामुळे ती काही बातमी नाही.

आता भांडू.

तू कुरियरने पाठवलेला खरेदीखताचा मसुदा माझ्यासमोर आहे. लिहून घेणार, तू. लिहून देणार, मी. "अनुया मुकुंद दांडेकर, वय ३१, धंदा नोकरी, राहणार कोथरूड, पुणे." बाबांनी आपल्या दोघांच्या नावे ठेवलेल्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा तू विकत घेतोयस. त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. किंमत तू म्हणशील ती. पण राहणार कोथरूड?

तू म्हणालास, "अगं, तो दिलीप एजंट सांगतो, एनआरआयकडून जागा घेतली की घेणाऱ्यानेच टॅक्स कापून सरकारात भरायचा. त्याला वेगळा नंबर काढा, चलन भरा, फॉर्म भरा. मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, मला हे झेपणारे का? जुना पत्ता टाकला की विषय संपला." मी म्हटलं, अरे खोटं आहे ते. तर म्हणे, "मोठी आलीये साहेबीण!"

साहेबीण नाही रे, पण माझं पोट ह्याच कामावर चालतं. जहाज कंपनीच्या अकाउंट्समध्ये मी दिवसभर हेच बघते. पैसे ज्याला जाणार तो इथला की बाहेरचा? बाहेरचा असला तर टॅक्स आधी कापून ठेवायचा, मग उरलेले पाठवायचे. का, तर तो निघून जाणार. त्याच्यामागे कोण धावणार? म्हणून जो हाताशी आहे त्याला धरतात. आपल्याकडेही तेच. उद्या चौकशी झाली तर नोटीस मला नाही येणार, तुला येईल. "तुम्ही का नाही कापला?" तेव्हा मी इथे असेन. जो मागे राहतो त्यालाच भरावं लागतं.



तर असं कर. तू तो नंबर काढ, फॉर्म मी भरून पाठवते, तू फक्त सह्या कर. कमी टॅक्स कापायचं सर्टिफिकेट मिळतं, त्याचा अर्ज मी टाकते. दोन-तीन महिने जातील. जाऊ देत.

ह्यावर तू काय म्हणणार ते मला माहितीये, कारण काल तू तेच म्हणालास. "मग दिवाळीपर्यंत थांबू की. तू परत आलीस की तू इथलीच. मग कापायचा प्रश्न कुठे येतो?" आणि मी म्हटलं, "आवाज तुटतोय रे."

आवाज तुटत नव्हता. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मागून आई बोलली तेही. "तिला विचार, ह्या खेपेला राहणार ना?"

कागदावर राहणार म्हणजे आत्ता राहतो तो. आई म्हणते ते राहणार पुढचं. शब्द एकच, आणि मी सहा वर्षं त्याच्या आडोशाला बसलेय. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की राहणार. प्रमोशन झालं की राहणार. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तू फोन त्यांच्या कानाशी धरलास, आठवतं? ते म्हणाले, "येशील ना गं राहायला?" मी म्हटलं, "हो बाबा, राहणार." त्याच दिवशी दुपारी मी इथल्या पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज देऊन आले होते.

आठवड्याने त्यांनी मृत्युपत्र केलं. अर्धा फ्लॅट मला. त्या एका शब्दावर, दादा. डबे तू नेलेस, अंथरूण तू बदललंस, आणि अर्धा मला. म्हणून म्हटलं, किंमत तू म्हणशील ती. बक्षीसपत्र करून देते म्हटलं, तर तू म्हणालास, "भीक नकोय मला." बरोबरच होतं तुझं. पण ती भीक नव्हती. मला ते हातात ठेववत नव्हतं.

आई अजून रेशनकार्डावरचं माझं नाव कमी करू देत नाही ना? वहिनीने मला सांगितलंय. तपासणीला माणूस आला तेव्हा आई त्याला म्हणाली, "बाजारात गेलीये, येईल इतक्यात." वहिनी हसत सांगत होती. मीपण हसले. मग ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

कारण विचारशील. नवरा नाही, मूल नाही, ज्याच्यावर ढकलता येईल असं कोणी नाही. मला इथे बरं वाटतं. एवढंच आहे. ह्या भाड्याच्या एका खोलीत बरं वाटतं. खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चहावाली आंटी मला बघून "सेम आह?" म्हणते आणि कप पुढे करते. कधी जाणार, कधी येणार, काही विचारत नाही. तुमच्यावर माया नाही म्हणून नव्हे रे. पण आहे म्हणून तिथे राहावंसं वाटतं, असंही नाही. हे कसं सांगायचं ते मला सहा वर्षांत सुचलं नाही.

आज रजा घेतलीये. आपल्या हाय कमिशनमध्ये, म्हणजे वकिलातीत, दोन कामं आहेत. खरेदीखतावर माझ्या वतीने सही करायला निशिकांतमामांच्या नावचं मुखत्यारपत्र केलंय, त्यावर शिक्का घ्यायचा. मसुद्यातला पत्ता मी खोडून इथला घातलाय आणि बाजूला सही केलीये.

दुसरं काम, पासपोर्ट परत करायचाय. आपला. इथलं नागरिकत्व मंजूर झालंय, पण आधी तो परत केल्याचा कागद दाखवावा लागतो. दोन्ही ठेवता येत नाहीत.

फोनवर सांगता आलं असतं. पण तू "थांब" म्हणाला असतास, आणि मी थांबले असते. पत्र पोचायला आठवडा लागतो. तोवर झालेलं असेल.

आईला तू काही सांगू नकोस. ते तरी माझं मला करू दे. रविवारी २७ तारखेला सकाळी दहाला मी फोन करीन, तुमच्याकडचे दहा. तिला जवळ बसव. तुला बोलायचं नसलं तर नको बोलूस, नुसता उचलून तिच्या हातात दे.

चपला घातल्यात, दाराशी उभं राहून लिहितेय. पेटी कोपऱ्यावरच आहे, त्यात टाकून बस धरीन. घरातून निघताना "येते" म्हणायचं, दुसरं काही म्हणायचं नाही, असं आईने आपल्याला शिकवलं. दरवेळी विमानतळावर मी तसंच म्हणायचे, आणि तू बॅग उचलून द्यायचास.

जाते, दादा.

अनू