मुराळ्याचा पासपोर्ट

दादा,

काल भाऊबीजेला भावाने तुमचा पासपोर्ट काढून दाखवला. तो त्याने अजून कपाटात जपून ठेवलाय. फोटोत तुमच्या डोक्यावर टोपी नाही. स्टुडिओवाल्याने ती काढायला लावली होती, आणि उन्हाने न रापलेल्या त्या कपाळाला घरचे सगळेच हसले होते.

दर दिवाळीला टोमॅटोचा तोडा सोडून तुम्ही आत्याला आणायला एसटीने हरसूलला जायचात. तिची पिशवी कधीचीच भरलेली असायची, पण माहेराहून न्यायला मुराळी दारात आल्याशिवाय ती काही निघायची नाही. मी कॅनडाला गेले आणि लागोपाठच्या दिवाळ्या चुकवल्या. तुम्ही फोनवर विचारत राहिलात, तेव्हा विषय टाळायला मी म्हणाले, "मुराळी पाठवा, मग येते." तुम्ही ते खरंच धरलंत. नाशिकला हेलपाटे घालून पासपोर्ट काढलात. चौकशीला आलेल्या पोलिसाला चहा पाजून सांगितलंत, "लेकीला आणाया चाल्लोय. लय लांब दिलीय."

मग फक्त व्हिसा राहिला. त्यासाठी मी तिकडून निमंत्रणाचं पत्र द्यायचं आणि तुमचा अर्जही मीच भरायचा. दर रविवारी तुम्ही विचारता, "झालं का गं बाई?" आणि माझ्या डोळ्यांपुढे येतं, माझ्या फ्लॅटमध्ये तुम्ही धोतर-टोपीत सोफ्यावर मांडी घालून बसलाय, ऑफिसच्या मैत्रिणी आल्यात, आणि तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोलावं तसं मोठ्याने बोलताय. मला लाज वाटते, दादा. तुमची. पत्र मी लिहीतच नाही. शेवटी सांगून टाकते की व्हिसा नाकारला. तर तुम्ही उलट माझीच समजूत काढता. "त्यांचा देस हाय, कोणाला घ्यायचं ते त्येच ठरवतील. तू नको वाईट वाटून घेऊ."

पुढची दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत. मी आले ती तुमच्या दहाव्याला, न्यायला कुणी आलेलं नसताना. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली.

काल पासपोर्ट परत ठेवताना भाऊ म्हणाला, "त्या व्हिसावाल्यांनी लय वाईट केलं बघ, ताई. आता पुढल्या दिवाळीला मीच येतो मुराळी. तू पत्र तेवढं धाड." त्याचा हा विश्वास बघून खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले काय, तर "हो, धाडते."

आज त्याचंच पत्र लिहायला बसले होते. लिहिलं तुम्हाला. त्याचं अजून राहिलंय, दादा.