रणगाड्याच्या ड्रायव्हरची मुलगी

मेजर, आज तुमच्या ड्रायव्हरची मुलगी माझ्याकडे येऊन गेली. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बाप कोरियात मारला गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. परवा फोनवर तिने एवढंच विचारलं, "मेजरांच्या आठवणी तुम्हीच टाइप करायचात ना?" मग दोन दिवस मला घास उतरला नाही.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तेव्हा मी नवऱ्याच्या मागे पुण्याहून आयर्लंडमधल्या कासलबारला नुकतीच आले होते आणि दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुमची कारकीर्द लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे. 'घोडदळात भरती झालो आणि हातात रणगाडा दिला', हे वाक्य तुम्ही मला तीनदा बदलायला लावलंत. घोड्यांवर चार प्रकरणं झाली. कोरियाचं मात्र एकच पान, तेही पदकाच्या मानपत्रातून जसंच्या तसं: जळत्या रणगाड्यात शिरून ड्रायव्हरला बाहेर काढलं, दोन्ही हात भाजले, ड्रायव्हर वाचला नाही. पदक कुठे आहे विचारलं तर म्हणालात, "प्रेसमध्ये, पिठाच्या डब्यामागे." इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

मग तो फोडणीचा दिवस. तुम्हाला आमचं वरण खाऊन बघायचं होतं. तेल जास्त तापलं, मिरच्या करपल्या, धुराचा अलार्म कोकलायला लागला. खिडकी उघडून वळते तर तुम्ही जागेवर नाही. बागेत, पावसात, कुंपणाला पाठ लावून खाली बसलेले, कानांवर हात. मी खांद्याला हात लावला तर केवढ्यांदा ओरडलात, "हात लावू नकोस!" मी घाबरून तशीच उभी. तुम्ही बोललात, माझ्याकडे न बघता. "मी लगेच गेलो नाही. बर्फात, खड्ड्यात पडून होतो. तो 'सर, सर' म्हणून हाका मारत होता. हाका थांबल्यावर गेलो." आणि मग, "हे टाइप करू नकोस."

घरी आल्या आल्या मी ते टाइप केलं. तेवढं सगळं एकटीने डोक्यात ठेवायची मला भीती वाटली.

आज त्या ड्रायव्हरची मुलगी माझ्यासमोर बसली होती, शॅननहून बसने आलेली, कोट अंगावरच. सांगत होती, इथे ब्रिटिशांचं नाव कोणाला खपत नाही, म्हणून वडील ब्रिटिश फौजेत होते हे घरच्यांनी शेजारीपाजारी कधी कळू दिलं नाही. पण दर नाताळला तुमचं पत्र यायचं. "आई म्हणायची, असा साहेब होता म्हणून तुझा बाप एकटा मेला नाही." मग माझा हात धरला. "ते लगेच गेले होते ना आत?"

मी कप बशीवर ठेवला.

"लगेच," मी म्हणाले.

ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "दॅट्स ग्रँड, लव्ह. दॅट्स ग्रँड." म्हणजे, बरं झालं गं. नातवंडांसाठी तुमच्या आठवणींची पानं मागितली. मी संध्याकाळी सगळी पाठवली, एक सोडून. तेव्हापासून फोन वाजला की दचकतेय.

मेजर, मी तुमची अब्रू राखली असं समजू नका. त्या वेळी तुमचा विचारही मनात आला नाही. तिचा चेहरा उतरताना बघायची मला भीती वाटली, एवढंच.