देशमुखांचा लोखंडी टोप परत करण्याविषयी

मी, इंद्रभान शेषराव रिंढे, वय एकसष्ट, धंदा शेती, आणि बोलावले तिथे व न बोलावले तिथेही भाषण, राहणार साखरखेर्डा, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणे, वऱ्हाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी झाले आहे. डोके शाबूत आहे. ते शाबूत नाही असे म्हणणारे गावात एकच गृहस्थ आहेत आणि त्यांच्यासाठी कलम चौथे राखले आहे.

कलम पहिले. राहते घर आणि विहिरीसह तीन एकर मळा पत्नी सत्यभामाबाई हिला. मुलगी रुख्मिणी वडनेर भोलजीला दिली आहे, तिला विचारले. ती म्हणाली, "बाबा, आईच्याच नावावर करा. माह्या नावावर केलं तं आमच्या घरचे उद्याच नांगर घेऊन येतीन." मुलीला बापापेक्षा जग जास्त कळते.

कलम दुसरे. पुस्तकांच्या पाच पेट्या गावच्या शाळेला. ज्यातून मी तीस वर्षे ओरडलो तो पत्र्याचा कर्णा, मोठ्या माणसाच्या तोंडावर खरे बोलेल अशा गावकऱ्याला. असा कोणी न निघाल्यास मळ्यात पाखरे हाकायला वापरावा.

कलम तिसरे, टोपाचे. गावचे देशमुख उकंडराव यांच्या देवघरात एक लोखंडी टोप असे. पूर्वजाने तो लढाईत घातला, त्यावर तलवारीचा घाव झेलला, असे ते सांगतात. दसऱ्याला त्याची पूजा होते. घराण्यातल्या पुरुषाने त्याला हात लावला तर वर्षाच्या आत त्याला लढाईवर जावे लागते, असा त्यांचा समज आहे. त्यामुळे या शूर घराण्यातल्या एकाही पुरुषाने सहा पिढ्यांत टोपाला हात लावलेला नाही. तो उचलून पाटावर ठेवतो त्यांचा गडी शालिग्राम. बाकीचे लांबून नमस्कार करतात.

सन १९२६ च्या गणपतीत गावाने त्या पूर्वजाचे नाटक बसवले. खरा टोप नटाच्या डोक्यावर नको, म्हणून नक्कल करण्यासाठी तो आठ दिवस माझ्याकडे आला. ज्या देशमुखांनी माझी एकही सभा चावडीपुढे होऊ दिली नाही, त्यांच्या नाटकाला मी हात का लावला? पडदा उघडण्याआधी अर्धा तास भाषण मला मिळणार होते. अर्ध्या तासासाठी मी काय केले नसते ते सांगता येत नाही.

मी केलेला कागदी टोप असा झाला. डोक्याएवढा मातीचा गोळा करून त्यावर कागदाचा लगदा थापला. कागद माझ्याच छापील भाषणांचा, दोन वर्षांचे गठ्ठे न खपता पडून होते. लगद्यात चिंचोक्याची खळ, कसर लागू नये म्हणून मेथीची पूड. इथवर माझे काम, आणि ते एका दुपारचे. पुढचे सात दिवस सत्यभामाबाईचे. ओल्या लगद्यावर उलथन्याने तिने कडा काढल्या, खिळ्यांच्या डोक्यांच्या जागी तुरीचे दाणे बसवले, मानेवरची साखळ्यांची जाळी सुतळीच्या गाठी मारून विणली. वाळल्यावर तव्याची काजळी जवसाच्या तेलात खलून चोळली आणि गारगोटीने घासून घासून लोखंडाची चकाकी आणली. गंज होता तिथे काव लावली.

तलवारीचा घाव उतरवताना ती थांबली. "अवो, याची कोर तं भाईर वळली हाय. घाव आतून हाय. आत डोकं असतानी आतून कोन मारलं?"

मी पाहिले. आत काजळीचा जुना थर होता.

"हे टांगाले छिद्र पाडलं हाय," ती म्हणाली. "उलटा टांगून दिवा लावत होते यात." तरी तिने घाव जसाच्या तसा केला, बाहेर वळलेल्या कोरेसकट.

प्रयोगाआधी दोन्ही टोप लोकांना दाखवले. कोणता खरा ते कोणाला सांगता येईना. उकंडरावांनी मला शेला दिला. तो खांद्यावर टाकून मी अर्धा तास बोललो, विषय : स्त्रियांच्या श्रमाची समाजाला कदर नाही. टाळ्या अजून कानात आहेत. तिचे नाव मी घेतले नाही. ती समोर बायकांत बसली होती. घरी म्हणाली, "चांगलं बोलले. कोन्या बायकाईबद्दल होतं?" त्या दिवसापासून तिने ओल्या मातीला हात लावलेला नाही. पूर्वी घरी करायची ते पोळ्याचे मातीचे बैलसुद्धा विकत आणते.

रात्री दोन्ही टोप आमच्याच घरी आले होते. दुसऱ्या सकाळी शालिग्राम खरा टोप न्यायला आला. मला मेहकरच्या सभेची घाई. "तो घे," म्हणून मी बोट दाखवले. चौथ्या दिवशी परतलो तेव्हा सत्यभामाबाई म्हणाली, "माहा टोप गेला. हा उचलून पाहा." उचलला आणि मनगट मुरगळले.

आधी भीतीने गप्प राहिलो, नंतर मजेने. बारा दसरे उकंडराव सहकुटुंब माझ्या भाषणांपुढे हात जोडत आले आहेत. एकदा शालिग्रामला गाठून विचारले, "तुले समजलं नाही का बे?"

"पह्यल्याच दिवशी समजलं, भाऊ. पन मले कोन इचारलं? आता पाठ नाही दुखत. दसऱ्याले उचलतानी थोडा कण्हतो, त्याईले बरं वाटते."

कलम चौथे. लोखंडी टोप आमच्या माळ्यावर, ज्वारीच्या कणगीमागे आहे. तो उकंडरावांचा असल्याने त्यांना परत द्यावा. अट एकच. येत्या दसऱ्याला पूजेआधी त्यांनी कागदी टोप स्वतःच्या हातांनी उचलून आमच्या दारी आणावा, सत्यभामाबाईच्या हातात द्यावा आणि लोखंडी स्वतः उचलून न्यावा. भाषणाने ज्यांना काही समजले नाही त्यांना वजनाने समजेल. हात लावल्यामुळे लढाईवर जावे लागलेच, तर युरोपात सध्या तशी सोय होते आहे असे वर्तमानपत्रांत दिसते. शालिग्रामला कामावरून घालवण्याआधी पुढच्या दसऱ्याला टोप कोण उचलणार याचा विचार करावा. अट न पाळल्यास लोखंडी टोप चावडीपुढे उलटा टांगून त्यात रोज दिवा लावावा. ते त्याचे जुनेच काम आहे.

कलम पाचवे, दुरुस्तीचे. वरचा मजकूर आज सत्यभामाबाईला वाचून दाखवला आणि म्हणालो, "बघ, तुझं नाव घातलं. आता तरी राग सोड."

ती भाजी निवडत होती. "तुमी काय घालता. माहं नाव मी तवाच घातलं. टोपाच्या आतून, कपाळाच्या मांगं. तुमी शिकवलेली चार अक्षरं."

टोप माझ्या घरात वाळत होता, तरी मला आत पाहावेसे वाटले नव्हते. म्हणजे बारा वर्षे देशमुख घराणे वाकले ते 'सत्यभामा' या नावापुढे. माझी भाषणे तिथे नुसता लगदा होऊन आहेत. तरी कलम तिसऱ्यातले 'मी केलेला कागदी टोप' हे शब्द रद्द समजावे आणि तिथे 'सत्यभामाबाईने केलेला कागदी टोप' असे वाचावे. ही दुरुस्ती रंगराव मास्तरांनी चावडीपुढे कर्ण्यातून मोठ्याने वाचावी. कर्ण्याची विल्हेवाट त्यानंतर.

लिहिले ते शुद्धीवर लिहिले, वाचून सही केली.

मुक्काम साखरखेर्डा, तारीख ११ सप्टेंबर १९३८.

इंद्रभान शेषराव रिंढे, सही दस्तुरखुद्द.

साक्षीदार :
१. रंगराव विठोबा, शाळामास्तर, सही.
२. शालिग्राम सखाराम, गडी, डाव्या हाताचा अंगठा. दोन्ही टोपांचे वजन मला ठाऊक आहे, एवढे लिहून घ्या, असे याने सांगितल्यावरून लिहिले.