आधी गाणं शीक, मग बघू

सर,

ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला मी न विचारताच देऊन टाकलं होतं, तोच प्रश्न परवा एका मुलीनं मला विचारला. नाटकात काम करायचं तर गाणं शिकावं का? मी आता शाळेत मराठी शिकवते आणि रविवारी सकाळी त्याच शाळेच्या हॉलमध्ये नाटकाचा वर्ग घेते. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा वेडेपणा आहे हे मला कळतं. पण जिवंतपणीही तुम्ही कुणाचं पूर्ण ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही, तेव्हा तसा फारसा फरक पडू नये.

मी तुमच्याकडं पहिल्यांदा आले ती फुलंब्रीहून, एसटीनं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. आठ दिवस गोठ्यात म्हशींसमोर घोकलेलं स्वगत उस्मानपुऱ्यातल्या त्या तालमीच्या हॉलमध्ये तुमच्यासमोर म्हटलं. म्हशींनी निदान माना हलवल्या होत्या. तुम्ही चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि विचारलं, "गाणं शिकलीस का कधी?" मी म्हटलं, "नाय सर." "नाय नव्हे, नाही म्हणावं," तुम्ही म्हणालात. "नटाला सूर लागतो. आधी गाणं शीक, मग बघू." पुढं अर्धा तास तुम्ही श्वासावर बोललात. वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत कसं पोचतं, कुठल्या शब्दापाशी दम संपतो, गाणाऱ्याला तो कसा पुरवता येतो. सगळं खरं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. एका पाठकोऱ्या कागदावर गाण्याच्या बाईंचा पत्ता लिहून दिलात. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून एकटीच हसत होते. मला वाटलं, सरांनी आपल्याला घेतलं.

बाई दोन गल्ल्या पलीकडं राहायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी कॉलेज सुटलं की मी त्यांच्या स्वयंपाकघरात. हो, स्वयंपाकघरातच, कारण बाहेरच्या खोलीत त्यांचे आजारी सासरे पडून असायचे. पेटी ओट्याला टेकवलेली, आणि बाई मेथी निवडता निवडता सांगतायत, सा लाव, अजून लाव, डळमळतोय. कुकरची शिट्टी झाली तरी माझा सा हलता कामा नये. तीन वर्षांत तो हलेनासा झाला. एकदा मेथीच्या जुडीवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुला गायचंय की नाटकात काम करायचंय?" मी म्हटलं, नाटकात. "मग इथे काय करतेस?" मला राग आला. बाईंना नाटकातलं काय कळतं, असं वाटलं. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर माझ्यापुरता विषय संपला होता. बाईंनी देठ कागदात गुंडाळले आणि पुढचा पलटा सांगितला.

मग तुमचं ते संगीत नाटक उभं राहिलं. नायिका दिसायला देखणी, बोलायला चोख आणि सुराच्या बाबतीत दगड. तुम्ही मला विंगेत उभं केलंत. ती तोंड हलवायची, मी गायची. मी सतत तिच्या खांद्यांकडं बघत असे. तिचे खांदे वर गेले की मी श्वास घ्यायचा. पेपरात तिच्या गळ्याचं कौतुक छापून आलं, तुम्ही ते कात्रण हॉलच्या फळ्यावर टाचलंत आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावलेत. त्या डोळे मिचकावण्यावर मी सहा महिने काढले. पहिल्या प्रयोगाला फुलंब्रीहून आई, दोन मावश्या आणि शेजारची काकू जीप करून आल्या होत्या, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत. प्रयोग संपलाय, आणि आई थिएटरच्या पायऱ्यांवर माझ्यासाठी आणलेला डबा घेऊन उभी आहे. म्हणते, "तू कवा येणार व्हतीस गं? आमी पार पडदा पडंपोतर बगत बसलो." मी सांगितलं, आई, ती सगळी गाणी मीच म्हटली. तिनं डबा माझ्या हातात दिला. "लई ग्वाड व्हतं," म्हणाली, "पर तू दिसली नाय." धाकटी मावशी म्हणाली, "आवाज तर रेडिओत बी येतो की. त्याच्यासाठी जीप कशाला करायची?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि डबा तसाच घरी नेला.

पुढं दरवर्षी तेच. पाहुण्यांना तुम्ही "ही आपली गाणारी" अशी माझी ओळख करून द्यायचात. इतरांना संवाद मिळाले, मला मफलर मिळाला. करड्या रंगाचा, लोकरीचा, एका दिवाळीत तुम्ही स्वतः आणलेला. गळा जप म्हणालात. तालमीत माझ्यासमोर कुणाला आइस्क्रीमसुद्धा खाऊ द्यायचा नाहीत. गळ्याची एवढी काळजी, आणि गळ्याच्या वर एक चेहरा आहे हे तुमच्या लक्षातच आलं नाही. सातव्या वर्षी मी धीर करून म्हटलं, सर, या वेळी एखादं छोटं काम द्या, मोलकरणीचं असलं तरी चालेल. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "अगं, चार वाक्यं कुणीही बोलेल. सुरात कोण गाणार? असं कृतघ्न होऊ नये." तो शब्द माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही. मी अभिनयात कच्ची होते का, एवढंच मला तुमच्याकडून हवं होतं, आणि अकरा वर्षांत एवढंच तुम्ही सांगितलं नाहीत. नंतर शाळेत नोकरी लागली, तालमींना जाणं सुटलं. तुमच्या शोकसभेत मला गायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणाले. घसा ठणठणीत होता.

ही मुलगी वेरूळची. वडील लेण्यांपाशी पर्यटकांना माहिती सांगतात, पोरगी रविवारी सकाळची पहिली बस धरून माझ्या वर्गाला येते. आवाज सुरेख आहे. पण प्रसंगात उभी केली की संपलं. दुःख असो की भांडण, सगळं शाळेतली कविता म्हटल्यासारखं म्हणते. सहा महिने मी तिच्यावर मेहनत घेतली, काही फरक नाही. परवा वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली. "मॅडम, मी गाणं शिकू का? नाटकाला लागतं म्हणत्यात सगळे." आणि सर, माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आधी गाणं शीक, मग बघू. किती सोयीचं वाक्य आहे हो. समोरच्याचं मन मोडत नाही, तो कामाला लागतो, वर उपकार मानतो, आणि दोन-तीन वर्षं तरी परत विचारायला येत नाही. तुम्ही तेव्हा चष्मा का पुसत बसला होतात ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी कच्ची आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी बाकावर बसले. इतकी वर्षं जे उत्तर मागत होते ते मिळालं, तेही माझ्याच तोंडात, आणि मला त्याचा इतका राग आला की मुलीकडं बघवेना.

तुमचं वाक्य मी गिळलं. तिला म्हटलं, "गायची हौस असेल तर जरूर शीक. श्वास सुधारेल, बोलणं लांब पोचेल. पण त्यानं अभिनय येत नाही. आणि बाळा, मला तुझ्यात तो दिसत नाही." मला कुणीतरी सांगायला हवं होतं तसं, सरळ. वाटलं, आता ही रडणार. तिनं ओढणी सारखी केली, बॅग खांद्याला लावली. "तुम्हाला दिसत नाय, व्हय ना मॅडम? मंग मी दुसरीकडं विचारून बघते." रागानं नाही. एका दुकानात नाही मिळालं तर माणूस पुढच्या दुकानात जातो, तसं. मी खिडकीतून बघत, ऐकत होते. गेटापर्यंत पोचायच्या आत ती फोनवर कुणाला तरी दुसऱ्या ग्रुपच्या तालमीची वेळ विचारत होती.

हे पत्र कुठंच टाकायचं नाही. तुमच्या मुलाचा पत्ता आहे माझ्याकडं, पण त्या बिचाऱ्याला यातलं काय करायचंय. तुम्हाला बोल लावायला बसले होते आणि लावले, त्यातला एकही मागं घेत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या अकरा वर्षांत या शहरात आणखी तीन-चार नाटकवाली मंडळी होती, एक तर आपल्या हॉलपासून चालत दहा मिनिटांवर. एका दुपारी मी त्यांच्या दारापर्यंत गेले होते. तालीम चालू होती, दार उघडंच होतं. आतल्या एक बाई म्हणाल्या, "या ना, काम करायचंय का?" मी म्हटलं, चुकून आले. आणि तशीच तुमच्याकडं परत आले. तुमच्या विंगेत अंधार होता, सर. तिथं मला कुणी बघणार नव्हतं.