समोरच्या खिडकीतली दाढी

ताईस धाकट्याचा नमस्कार,

मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. साथीमुळे सलून बंदच आहे. खोलीबाहेर पाऊल टाकायचीही मनाई, नाहीतर बाबा गेले तेव्हा मी थांबलो असतो का गं?

समोरच्या खिडकीत एक आजोबा एकटेच राहतात. आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही. दाढी करताना ते सारखे कापून घ्यायचे; माझा हात न्हाव्याचा, मला बघवेना. मग रोज सकाळी मी इथून हवेत हात फिरवायचा आणि त्यांनी तसंच रेझर. मी उजवा गाल दाखवला की महाशय डावा करणार! आता मीच सगळं उलटं दाखवतो.

तुझा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलोच नाही. आजोबा गजावर चमचा वाजवत राहिले. शेवटी पडदा सारला, तर तोंडाला फेस लावून, हनुवटी वर करून बसलेले. अगदी बाबा बसायचे तसे. डोळे पुसत पुसत मी हात फिरवला. त्यांनी अजिबात घाई केली नाही.

आई जेवते ना? तिला एकटीला झोपू देऊ नकोस.

बाबांची शेवटची दाढी तूच केलीस, असं ती म्हणाली. ताई, गळ्यावरच्या तिळापाशी हात हलका ठेवला होतास ना?

तुझाच,
धाकटा