आबांची कुजबुज

मंगळवार, संध्याकाळ

पाय भरून आलेत, पण हे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी काय सोयी करायच्या याची पालिकेत आखणी चाललीय, म्हणून आम्हा शिक्षकांना घरोघर फॉर्म भरायला पाठवलंय. आज उधन्याच्या यंत्रमाग वस्तीत सुकदेवआबा आणि कासाआजींकडे गेले. आबांचे कान लूमच्या खडखडाटात कधीच गेले. शेवटचा प्रश्न, तुम्हाला काय हवं? आजी म्हणाल्या, "माले काही नको. यासले कानन मशीन द्या."

आबांना प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवला. गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या आजींकडे बघत ते माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजले. म्हणजे त्यांना तसं वाटलं. आवाज सगळ्या गल्लीत गेला.

"बेन, दवाखान्याच्या वाटेवर मधे मधे बाकडी टाका. हिचे गुडघे दुखतात, पण ही बोलत नाही. मी सांगितलं ते तिला कळू देऊ नका."

आजींचा पळीवरचा हात थांबला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

फॉर्मवर 'स्वतःची गरज' असं छापलंय. उद्या साहेब विचारतील, एकाची गरज दुसऱ्याच्या नावावर कशी? विचारू देत. खोडणार नाही. आबांना हवं होतं, तेच मी लिहिलं ना?

निघताना आबांनी पुन्हा तशीच कुजबुज केली, "ऐकलं नाही ना तिनं?"

मी आजींकडे पाहिलं. त्यांनी वळून हळूच 'नाही' अशी मान हलवली. मग मीही आबांकडे बघून तशीच हलवली.